जुन्या विनाशिकेची पाकिटं आणि टपालशिक्के: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नांदेड, परभणी, लातूर, बीड, जालना अशा ठिकाणांहून युद्धनौकांशी संबंधित जुनी पत्रं-पाकिटं जमवायच्या या छंदाबद्दल येणारे प्रश्न बरेचदा तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः ‘राजपूत’ या विनाशिकेची, म्हणजे डिस्ट्रॉयर प्रकारच्या युद्धनौकेची, घेतली आहेत. माझा संग्रह तिच्याभोवती आहे, आणि एकाच नावाच्या दोन पिढ्या असल्यामुळे शिकायला तिच्यासारखं जहाज नाही. पद्धत मात्र कुठल्याही जुन्या युद्धनौकेला लागू पडते.

१. विनाशिकेचं पाकीट म्हणजे नेमकं काय? जहाजाचं चित्र छापलेलं असलं की झालं का?

नाही. चित्र कुणीही छापतं. जहाजाचं पाकीट म्हणजे ज्याचा त्या जहाजाशी टपालातून संबंध आला ते: जहाजावरून निघालेलं, जहाजावर गेलेलं, किंवा जहाजाच्या एखाद्या प्रसंगी त्या दिवसाचा शिक्का मारून घेतलेलं. यातले पहिले दोन प्रकार मी खरे मानतो. तिसरा प्रकार संग्राहकांसाठीच बनवलेला असतो. तोही ठेवावा, पण त्याची गणती वेगळी. साधं आंतरदेशीय पत्र, वर निळ्या बॉलपेनने लिहिलेला पत्ता आणि पाठवणाऱ्याच्या जागी ‘आयएनएस राजपूत’ एवढंच असलं, तरी ते दहा गुळगुळीत सचित्र पाकिटांना भारी आहे.

२. आपल्याकडे समुद्रच नाही. मराठवाड्यात बसून हा छंद कसा करायचा?

जहाजावरून लिहिलेलं पत्र बंदरात राहत नाही, ते घरी जातं. खलाशी वसमतचा असेल तर पत्र वसमतला आलं, उदगीरचा असेल तर उदगीरला. घरून जहाजावर गेलेली पत्रं बहुतेक नष्ट होतात, कारण खलाशाच्या वाट्याला एक छोटं लॉकर येतं आणि बदलीच्या वेळी ते रिकामं करावं लागतं. घरी आलेली पत्रं आई किंवा बायको ट्रंकेत ठेवते. म्हणून मुंबईच्या स्टॅम्प बाजारात जे सापडत नाही, ते आपल्याकडच्या माळवदाच्या घरात सापडू शकतं.

शिवाय अशा पत्रावर प्रवासाच्या खुणा जास्त मिळतात. बंदरगावातला निघतानाचा शिक्का, वाटेत रेल्वे टपालसेवेचा म्हणजे आरएमएसचा, मग तालुक्याचा आणि नशीब असेल तर खेड्याच्या पोस्टाचा पोहोच शिक्का. मुंबईहून मनमाडपर्यंत मोठ्या गाडीने आणि पुढे मीटरगेजच्या छोट्या गाडीने टपाल येत असे, तेव्हाची पाकिटं मागची बाजू वरखाली करून वाचावीत. पुढची बाजू सगळेच पाहतात.

३. सुरुवातीला कोणतं जहाज निवडू?

ज्याची सेवा लांब झाली आणि जे आता निवृत्त आहे असं. सेवेत असलेल्या जहाजाचा संग्रह कधी पुरा होत नाही, आणि त्यात प्रश्न २० मधली अडचणही येते. ‘राजपूत’ (जहाजाचा क्रमांक डी ५१) ४ मे १९८० ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या पोती इथे नौदलात दाखल झाली आणि २१ मे २०२१ ला विशाखापट्टणमला निवृत्त झाली. ४१ वर्षांचा पल्ला, शेकडो खलाशी, म्हणजे पत्रंही पुष्कळ. तिच्याच वर्गातली ‘रणजित’ १९८३ ते २०१९ अशी सेवेत होती, तीही चांगली निवड आहे.

४. ‘राजपूत’ नावाची दोन जहाजं होती म्हणे. पाकीट कुठल्या राजपूतचं हे कसं ओळखायचं?

होती, आणि दोन्ही विनाशिकाच. पहिली म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश ‘रॉदरहॅम’. ती १९४९ मध्ये भारताने घेतली, क्रमांक डी १४१. तिच्याबरोबर ‘रेडाउट’ आणि ‘रेडर’ आल्या, त्यांची नावं ‘रणजित’ आणि ‘राणा’ झाली. जुनी राजपूत १९७६ मध्ये मोडीत निघाली. नवी राजपूत १९८० ची.

म्हणजे १९७६ च्या आधीचं पाकीट जुनीचं, १९८० नंतरचं नवीचं. मधल्या काळातली तारीख दिसली तर आधी कान टवकारा. एक तर शिक्का नीट वाचला गेलेला नाही, नाही तर पाकिटातच गडबड आहे.

नवीच्या बाबतीत आणखी एक पारख आहे. जून १९८८ पर्यंत ती मुंबईला, पश्चिम ताफ्यात होती. त्यानंतर विशाखापट्टणमला, पूर्व ताफ्यात गेली. त्यामुळे १९८४ च्या पाकिटावर ‘केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, बॉम्बे’ (हे ऑफिस म्हणजे काय ते प्रश्न ७ मध्ये) असा पत्ता शोभतो आणि १९९५ च्या पाकिटावर ‘विशाखापट्टणम’. उलटं दिसलं तर लगेच खोटं म्हणू नका, जहाज दुरुस्तीला किंवा सरावाला दुसऱ्या बंदरात जातंच. पण कारण शोधल्याशिवाय पैसे मोजू नका.

५. आमच्या गोदावरीच्या नावाची युद्धनौका होती का? पैठणच्या माणसाने तीच गोळा करायला हवी!

एक नाही, तीन. पहिली ‘एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) गोदावरी’ १९४३ ची, ती स्लूप म्हणजे छोट्या संरक्षक युद्धनौकेच्या प्रकारातली. फाळणीनंतर पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचं नाव ‘सिंध’ झालं. दुसरी १९५३ मध्ये ब्रिटनकडून आलेली ‘बेडेल’. ही हंट वर्गातली एस्कॉर्ट, म्हणजे इतर जहाजांना संरक्षण देणारी, विनाशिका, आणि गंमत म्हणजे महायुद्धात ती काही काळ पोलंडच्या नौदलातही होती. तिच्या जोडीला ‘गंगा’ आणि ‘गोमती’ होत्या. तिसरी गोदावरी फ्रिगेट, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९८३ ते २०१५ सेवेत.

बाजारात ‘गोदावरी’ म्हणून जे मिळतं ते बहुतांशी तिसरीचं असतं. विनाशिकेचा संग्रह करायचा असेल तर तुम्हाला दुसरी हवी, आणि ती मिळायला अवघड आहे. माझं मत विचाराल तर तिन्ही गोळा करा. एका नदीच्या नावाखाली रॉयल इंडियन नेव्ही, फाळणी आणि स्वदेशी जहाजबांधणी असा सगळा पट मांडता येतो.

६. अमेरिकेच्या जुन्या पाकिटांवर विनाशिकेचं नाव थेट शिक्क्यात असतं. आपल्याकडे तसं का दिसत नाही?

कारण तिकडे जहाजावरच पोस्ट ऑफिस होतं. १९०८ च्या कायद्याने अमेरिकी युद्धनौकांवर टपाल कारकून नेमले गेले आणि जहाजाच्या नावाचा तारखेसह शिक्का वापरात आला. शिक्क्याच्या उजवीकडे तिकीट रद्द करणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांच्या मधल्या जागेत बंदराचं नाव किंवा सणाचा मजकूर बसवायची पद्धत होती. १९३० च्या दशकात तिथे हा छंद चांगलाच फोफावला. १९३२ मध्ये जहाजांच्या टपालशिक्क्यांसाठी संग्राहकांची स्वतंत्र संस्था निघाली. शिक्क्यांच्या आकारांची वर्गवारी डॉ. लोसी यांच्या नावाने ओळखली जाते, आणि आजही यादीत आकडा-अक्षर देऊन प्रकार सांगतात. त्या दशकातल्या अमेरिकी विनाशिकांची पाकिटं मुबलक आहेत, नवख्याला परवडतात. पाकिटापेक्षा परदेशी टपालखर्च जास्त होतो एवढंच.

१९४२ च्या सुरुवातीपासून युद्धामुळे तिथेही जहाजांची नावं शिक्क्यातून काढली गेली आणि नुसतं ‘यू. एस. नेव्ही’ उरलं. नावं परतली ती युद्धानंतर.

ब्रिटिशांची रीत वेगळी. त्यांच्या युद्धनौकांचं टपाल ‘मॅरिटाइम मेल’ अशा निनावी शिक्क्याखाली जात असे. आपलं नौदल त्याच परंपरेतलं. म्हणून आपल्याकडे जहाजाचं नाव शिक्क्यात शोधायचं नसतं, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात शोधायचं.

७. एफएमओ, एफपीओ, एपीओ हा काय घोळ आहे?

एफएमओ म्हणजे फ्लीट मेल ऑफिस, ताफ्याचं टपाल वाटणारं ठिकाण. जहाज कुठे आहे हे घरच्यांना माहीत असायची गरज नाही. पत्र एफएमओच्या पत्त्यावर टाकायचं, तिथून ते जहाजाला पोहोचतं. एफपीओ म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस. त्याच्या शिक्क्यात गावाचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, पत्त्यात दिसणारे ‘५६ एपीओ’ आणि ‘९९ एपीओ’ हे त्यातले. या सगळ्यामागे लष्करी टपालसेवा आहे, तिला १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र कोअरचा, म्हणजे लष्करातल्या वेगळ्या दलाचा, दर्जा मिळाला.

खलाशी किनाऱ्यावर उतरून साध्या लाल पेटीतही पत्र टाकतो. तेव्हा राजपूतवरच्या माणसाचं पत्र आणि त्यावर विशाखापट्टणमच्या नागरी पोस्टाचा शिक्का, हे अगदी रास्त आहे.

८. पाकिटावर जहाजाचा गोल रबरी शिक्का आहे, पण तो टपालाचा नाही. चालेल का?

चालेल, पण नाव बरोबर द्या. तो जहाजाच्या कार्यालयाचा शिक्का. त्यात बहुधा तारीख नसते, आणि त्याने तिकीट रद्द होत नाही. पत्र जहाजावरून निघालं याचा तो चांगला पुरावा ठरतो, मात्र जोडीला टपालशिक्का हवा. नुसताच रबरी शिक्का आणि कोरं तिकीट असेल तर ते पाकीट टपालातून गेलेलंच नाही. प्रसंगाच्या आठवणीसाठी कुणीतरी उमटवून घेतलेलं असतं ते.

९. फर्स्ट डे कव्हर आणि स्पेशल कव्हर यांत फरक काय? ती कुठे मिळतात?

नवं तिकीट निघालं त्या दिवशीच्या शिक्क्याचं ते फर्स्ट डे कव्हर. तिकीट जुनंच, पण एखाद्या प्रसंगासाठी छापील पाकीट आणि खास शिक्का असेल तर ते स्पेशल कव्हर. पाकिटाच्या डाव्या बाजूला छापलेल्या चित्राला कॅशे म्हणतात. जहाज दाखल होणं, रौप्यमहोत्सव, निवृत्ती अशा प्रसंगी लष्करी टपालसेवेची पाकिटं निघतात. ताफा-संचलनाच्या (नौदलाच्या जहाजांच्या पाहणीच्या सोहळ्याच्या) वेळी, म्हणजे २००१ ला मुंबईत आणि २००६, २०१६ व २०२२ ला विशाखापट्टणमला, टपाल खात्याने तिकिटंही काढली.

नव्या तिकिटांसाठी किमान २०० रुपये भरून फिलाटेली (तिकीटसंग्रह) डिपॉझिट अकाउंट उघडता येतं. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या मुख्य डाकघरात चौकशी करा. काउंटरवरच्या माणसाला हा प्रकार माहीत नसेल तर पोस्टमास्तरांना भेटा. लष्करी टपालसेवेची पाकिटं या खात्यातून येतीलच असं धरून चालू नका. ती माजी सैनिकांकडे आणि व्यापाऱ्यांकडे शोधावी लागतात.

१०. खास शिक्का हवा आहे, पण मी परभणीत आणि कार्यक्रम विशाखापट्टणमला. पाकीट पाठवून शिक्का मारून मिळतो का?

कधी कधी. त्या ठिकाणच्या फिलाटेली ब्युरोला आधी पत्र लिहून विचारा. पुरेशी तिकिटं लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट दुसऱ्या जाड पाकिटात घालून पाठवा. सोबत दोन ओळींची विनंती: शिक्का तिकिटावर अर्धा आणि कागदावर अर्धा यावा, हाताने मारावा. आत पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवा, म्हणजे घडी पडत नाही. जुनं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे मौल्यवान पाकीट पाठवताना आता त्याच मार्गाने.

‘कालची तारीख मारून द्या हो साहेब’ असं मात्र कधी म्हणू नका. कर्मचाऱ्याची नोकरी धोक्यात येते आणि तुमचं पाकीट बनावट ठरतं.

११. आमच्या गावात नौदलातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्याकडे पत्रं मागायला कसं जावं?

‘काका, जुनी पाकिटं आहेत का?’ असं दारातच विचारलं तर उत्तर ‘नाही’ हेच येतं. आधी जहाजाबद्दल विचारा. कुठल्या विभागात होता, इंजिनरूम की तोफखाना, बरोबर आणखी कोण मराठवाड्याचं होतं. माणूस खुलतो. आणि लक्षात ठेवा, पत्रं त्यांच्याकडे नसतातच. ती काकूंकडे असतात. ट्रंकेची किल्लीही त्यांच्याकडेच.

हिंगोलीकडच्या एका घरात पाहिलेलं आंतरदेशीय पत्र सांगतो. पाठवणारा राजपूतवरचा, पत्ता विशाखापट्टणमच्या एफएमओचा. निघतानाचा शिक्का अर्धवट, पण मागे खेड्याच्या पोस्टाचा पोहोच शिक्का इतका स्वच्छ की तारखेचा आकडा न् आकडा वाचावा. आत काय? बोअरला पाणी लागलं का, धाकटीचं लग्न तुळशीनंतर धरा, मनिऑर्डर मिळाली का ते कळवा. जहाजाबद्दल एकच ओळ: ‘शिपवर सर्व ठीक आहे.’ काकूंना ते पत्र द्यायचं नव्हतं, आणि मी मागितलंही नाही. दोन्ही बाजूंचा फोटो घेतला, शिक्क्यांची मापं टिपली. संग्रहात त्याची नोंद आहे, पत्र त्यांच्या घरी आहे.

हाच माझा नियम. मजकूर खासगी असेल तर पत्र मागायचं नाही. कुणी आपणहून देतो म्हटलं तर नुसतं बाहेरचं पाकीट घ्यावं आणि आतला कागद परत करावा. आंतरदेशीय पत्रात पाकीट आणि कागद एकच, तिथे फोटोवर समाधान मानावं. असे निवृत्त खलाशी कुठे भेटतील हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा माजी सैनिकांच्या मेळाव्यात कळतं.

१२. पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून काढून घेतलं तर?

मग तुमच्याकडे एक साधं वापरलेलं तिकीट उरेल आणि एक भोक पडलेला पुरावा. पाकीट अखंड ठेवा. पत्ता कापू नका, कडा सरळ करायला कात्री लावू नका, पेन्सिलीने कोपऱ्यात क्रमांकही घालू नका.

१३. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाकिटं जपायची कशी?

उष्णतेपेक्षा मला कूलरची धास्ती जास्त. एप्रिल-मे मध्ये बाहेरची हवा कोरडी खडखडीत असते, पण ज्या खोलीत कूलर चालतो तिथे रात्रभर दमट वारा फिरतो. कोऱ्या तिकिटांचा गोंद सुटतो, आंतरदेशीय पत्राच्या कडा एकमेकींना चिकटतात. अल्बम कूलरच्या खोलीत ठेवू नका. पत्र्याखालच्या खोलीतही नको आणि बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटातही नको. घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंच.

दुसरी वैरीण वाळवी. जुन्या मातीच्या भिंतीला लाकडी कपाट लावलं की ती मागून आत शिरते आणि पुठ्ठ्यापर्यंत पोहोचल्यावरच कळतं. लोखंडी पेटी चांगली, पण पावसाळ्यात तिच्या आत ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दसऱ्याच्या सुमारास सगळं बाहेर काढून सावलीत हवा द्या. उन्हात नाही, शाई उडते. कडुलिंबाचा पाला घरोघरी सांगतात, पण तो कागदाला लागू दिला तर डाग पडतो. डांबराच्या गोळ्याही पाकिटाला चिकटून नकोत.

पाकिटासाठी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पिशवी घ्या. मऊ, वास येणारं पीव्हीसी कागदाचा आणि शाईचा नाश करतं. सेलोटेप तर लावूच नका. तिचा पिवळा डाग जन्मात जात नाही.

१४. आणि लॅमिनेशन?

झेरॉक्सवाला दहा मिनिटांत करून देतो, आणि पाकीट कायमचं संपतं. करू नका.

१५. बनावट पाकीट ओळखायचं कसं?

आधी तारीख, मग नाव, मग कागद. या क्रमाने गेलं की बऱ्याच बनावटी पहिल्या दोन पायऱ्यांवरच पडतात.

तारीख: पाकिटावरचं तिकीट शिक्क्याच्या तारखेआधी निघालेलं हवं. हे इतकं उघड आहे की बनावट करणारेच विसरतात. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. १९६५ च्या पाकिटावर मूळच्याच हस्ताक्षरात आणि शाईत पिनकोड असेल तर पत्ता नंतर लिहिला आहे.

नाव: ‘आयएनएस’ हे बिरुद २६ जानेवारी १९५० पासूनचं. त्याआधी ‘एचएमआयएस’ होतं. जुनी राजपूत १९४९ मध्ये आपल्याकडे आली, म्हणजे तिच्या पहिल्या काही महिन्यांच्या पाकिटावर एचएमआयएसच शोभतं. ‘आयएनएस राजपूत, ऑगस्ट १९४९’ असं छापलेलं काही दाखवलं तर हसून परत करा. चित्रातल्या जहाजाच्या बाजूवर डी ५१ लिहिलंय आणि तारीख १९६० ची, असले नमुनेही फिरतात. उलट शहरांच्या नावांवरून घाईने निकाल देऊ नका. मुंबईचं नाव बदलल्यावरही जुना शिक्का काही काळ चालतो, तसंच औरंगाबादचं.

कागद: नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली पाकीट धरा. कागदात चमक आणणारी रसायनं घालणं महायुद्धानंतर रूढ झालं. त्यामुळे १९४२ चं म्हणून विकलं जाणारं पाकीट निळसर पांढरं झळाळलं तर ते त्या काळचं नाही. छापील चित्र भिंगातून पाहा, इंकजेटचे विखुरलेले ठिपके लगेच दिसतात.

१६. गाझी बुडवणाऱ्या राजपूतचं डिसेंबर १९७१ चं पाकीट विकायला आलंय. घेऊ का?

मोह समजतो. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ बुडाली. आपलं नौदल याचं श्रेय जुन्या राजपूतला देतं, पाकिस्तान अपघाती स्फोट सांगतं. पण ज्या पाकिटावर गाझीचं चित्र आणि विजयाचा मजकूर छापलेला आहे ते प्रसंगानंतर तयार झालेलं आहे. त्या आठवड्यात जहाजावरच्या माणसाला कॅशे छापायला सवड नव्हती.

खरं पाकीट अगदी साधं असेल. त्यात एक खूण पाहा: बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत टपालावर ५ पैशांचा जादा अधिभार होता. नागरी पोस्टातून गेलेल्या त्या काळच्या पाकिटावर ‘रिफ्यूजी रिलीफ’चं ५ पैशांचं तिकीट सहसा दिसतं. फौजी टपालाला मात्र हा निकष सरसकट लावू नका. बाकी पारख प्रश्न १५ प्रमाणे. अमेरिकी संग्राहकांनाही ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बरच्या पाकिटांनी असाच ताप दिला आहे. तारीख जितकी गाजलेली, तितक्या बनावटी जास्त.

१७. आजोबांच्या पेटीत निजामकाळातलं पाकीट आहे, पाठवणारा रॉयल इंडियन नेव्हीतला. हे कशात धरायचं?

जपून ठेवा, ही दुर्मीळ जोडी आहे. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि निजामाचं स्वतःचं टपाल खातं होतं, तिकिटंही वेगळी. १८७१ च्या तिकिटांवर तर उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा चार लिप्यांत किंमत होती. त्यामुळे बंदरातून ब्रिटिश भारताच्या तिकिटावर निघालेल्या पत्राच्या मागे उर्दू अक्षरांचा शिक्का सापडू शकतो. तो वाचून घ्यायला गावातल्या उर्दू शाळेतले मास्तर उत्तम. खाडाखोड वाटून पुसू नका!

त्या पाकिटावर तिकीट नसून ‘ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ असं लिहिलेलं असेल आणि सेन्सॉरचा शिक्का असेल, तर ते युद्धकाळातलं सवलतीचं टपाल. अशा पाकिटावर जहाजाचं नाव मिळण्याची आशा धरू नका, तेच लपवायचं होतं. पत्रातल्या मजकुरावरून किंवा त्या माणसाच्या सेवापुस्तकावरून जहाज ठरवावं लागतं, आणि ते कशावरून ठरवलं हे नोंदीत लिहावं.

१८. राजपूत निवृत्त झाल्यानंतरच्या तारखेचं पाकीट आहे. ते खोटं समजायचं का?

नाही. जहाजाचा झेंडा उतरला तरी पत्रं यायची थांबत नाहीत. उशिरा आलेलं पत्र एफएमओतून दुसऱ्या पत्त्यावर वळवलं जातं किंवा पाठवणाऱ्याकडे परत येतं. पत्ता खोडून नवा लिहिलेला, वळवल्याचा शेरा मारलेला असा नमुना मिळाला तर मी तो निवृत्तीच्या दिवसाच्या स्पेशल कव्हरआधी उचलेन. पण वळवल्याची एकही खूण नसलेलं, निवृत्तीनंतरच्या तारखेचं कोरं करकरीत पाकीट असेल तर ते नुसतं स्मरणिका म्हणून धरा.

१९. माझ्याकडच्या पाकिटाला किती रुपये मिळतील?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. छापील स्पेशल कव्हर एकगठ्ठा निघतं, त्याला मोठा भाव येत नाही. खरं गेलेलं, शिक्के वाचता येणारं, जहाज सिद्ध करता येणारं पाकीट विकायला क्वचित निघतं, म्हणून त्याचा ठरलेला दरच नाही. ज्याला ते जहाज हवं आहे तो भेटला तर किंमत, नाहीतर नाही. ‘जुनं तिकीट, लाखो कमवा’ छापाच्या चित्रफिती पाहून पेटी उघडली असेल तर बंद करा.

२०. पाकिटांचे फोटो फेसबुकवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकले तर चालतील का?

निवृत्त जहाजाचं, जुन्या काळातलं पाकीट असेल तर हरकत नाही. घराचा पत्ता आणि नाव झाकून टाका. त्या घरात आजही लोक राहतात. सेवेत असलेल्या जहाजाबाबत मात्र ते अमुक दिवशी अमुक बंदरात होतं असं दाखवणारं काहीही टाकू नका, आणि नोकरीत असलेल्या भाच्याला-पुतण्याला ‘जहाज कुठंय, तिथला शिक्का मारून आण’ म्हणून गळ घालू नका. त्याची अडचण होते.

२१. प्रदर्शनात मांडायचं असेल तर किती पाकिटं लागतात?

एका फ्रेममध्ये ए-फोर आकाराची १६ पानं बसतात. एका पानावर एक किंवा दोन पाकिटं, म्हणजे पंचवीसेक चांगले नमुने असतील तर एका फ्रेमचा विचार करता येतो. जिल्हा पातळीवर आधी मांडा, मग ‘महापेक्स’ या राज्य प्रदर्शनाकडे बघा. परीक्षक जहाजाचा पराक्रम वाचत बसत नाहीत. पाकीट कुठून निघालं, कसं गेलं, किती टपालहशील लागलं, शिक्का कोणता, हे दोन ओळींत हवं. सगळी फ्रेम छापील स्पेशल कव्हरांनी भरली तर गुण हमखास कमी होतात. खेड्याच्या पोस्टाचा पोहोच शिक्का असलेलं साधं आंतरदेशीय पत्र पहिल्याच पानावर लावा, आणि मागची बाजू दिसावी म्हणून तिची रंगीत प्रत शेजारी, मूळ आकारापेक्षा थोडी लहान करून. मूळ आकाराची प्रत अस्सल म्हणून खपू शकते, म्हणून आकार बदलायचा.